बायकांचं खातं

माझे आजोबा आणि आजी एकाच गिरणीत कामाला होते. एकाच गेटातून आत जायचे आणि पगारही दोघांचा एकाच दिवशी व्हायचा. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत आजोबांच्या हातात पडणारी रक्कम आजीच्या दुप्पट तरी असायची. यात काही वावगं आहे असं दोघांपैकी कोणालाच कधी वाटलं नाही. मी कॉलेजात जायला लागले, डोक्यात नवं वारं शिरलं, आणि एकदा मी आजीला विचारलं, की तुला राग नाही यायचा? आजी तांदूळ निवडत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "राग कसला, बाय? ते साचेखात्यात, मी वायंडिंगला. त्यांचं काम येगळं, माझं येगळं."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याला उत्तर सापडेना. समान कामाला समान दाम ही घोषणा मी ऐटीत घेऊन गेले होते. पण आजीच्या गिरणीत काम समान नव्हतंच, तर दामाचं भांडण उभं कुठे करायचं? पुढे घरातल्या आणि नात्यातल्या म्हाताऱ्यांना मी खोदून खोदून विचारत राहिले, मिळेल ते वाचत राहिले. तेव्हा कुठे लक्षात आलं, की पुरुषाचंच काम बाईकडून कमी पैशांत करून घेण्याची गिरणीला गरजच पडली नव्हती. आधी काम वेगळं केलं, मग त्या कामाचा भाव पाडला. भाव पाडलेला दिसू नये अशी सोय पहिल्या पायरीतच होती.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला काढली. ती प्रत्यक्षात चालू झाली 1856 मध्ये. आमच्या घराचा गिरणीशी संबंध आला तो त्यानंतर साठेक वर्षांनी. पणजोबा 1918च्या तापाच्या साथीत मुंबईत गेले. संगमेश्वराकडच्या आमच्या गावी निरोप घेऊन माणूस आला तोवर त्यांचे दिवसही होऊन गेले होते. पणजीला घरात सगळे मोठी आय म्हणत. चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन ती बोटीने मुंबईला आली आणि लालबागला भावाच्या खोलीत राहिली. हा चार वर्षांचा मुलगा म्हणजे माझे आजोबा.

त्या काळी कोकणातले पुरुष बायकोला शेताभाताला आणि सासूसासऱ्यांना ठेवून एकटेच मुंबई गाठत, खाणावळीत जेवत. बाई मुंबईला गिरणीत आली, तर बहुतेक वेळा मागे काहीतरी मोडलेलं असायचं. नवरा गेलेला, नाहीतर नवऱ्याने टाकलेली, नाहीतर कर्ज. म्हणजे गिरणीतल्या कितीतरी बायका स्वतःच्या पोराबाळांच्या एकट्या पोशिंद्या होत्या. पण बाईचा पगार ठरवणाऱ्यांनी मात्र तो कायम नवऱ्याच्या पगाराला जोड म्हणूनच धरला. मोठी आय म्हणायची, "माझ्या जोडीला कोण व्हतं, ते त्या सायबाला इचारायला पायजे व्हतं."

तिला काम मिळालं रीळखात्यात. सूतखात्यातून भरलेल्या बाबिणी यायच्या, त्यांच्यावरचं सूत रिळाच्या मोठ्या चाकावर घेऊन त्याच्या लडी करायच्या. या लडींच्या गासड्या हातमागवाल्यांकडे जायच्या, आणि एके काळी जहाजं भरभरून चीनला. बायकांची खाती दोनच, रीळ आणि वाइंडिंग. त्याखेरीज मिळालंच तर कचरा वेचण्याचं काम. सूतकताईच्या रिंगा, विणाईचे साचे, सायझिंग, रंगखातं, मेकॅनिक, सगळं पुरुषांकडे. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत चार-पाच कामगारांमागे एक बाई असायची. त्या सगळ्या मोजक्या खात्यांत कोंबलेल्या होत्या.

कोंबलेल्या हा शब्द मी उगाच वापरत नाही. मोठी आय सांगायची, की काम देणारा साहेब नव्हे, नाईकीण. पुरुषांवर जसा जॉबर, म्हणजे मुकादम, तशी बायकांवर नाईकीण. तिची दस्तुरी दिली, सणावाराला तिच्या घरी खण-नारळ पोचवला, गरज पडली तर तिच्याकडूनच व्याजाने पैसे घेतले, की रोज हाताला काम. मजुरी अंगावरच्या कामाची, म्हणजे जेवढं सूत गुंडाळाल तेवढे पैसे. त्यामुळे खात्यात दहा बायका असल्या काय आणि पंधरा असल्या काय, मालकाला दमडीचा फरक पडत नव्हता. सूत तेवढंच, पैसे तेवढेच. नाईकीण मात्र जितक्या जास्त बायका लावील तितकी तिची दस्तुरी वाढे. भाकरी एकच आणि पाटावर रोज एक पान वाढतंय, असा प्रकार. सूत आलं नाही तर बायका बसून राहत, किंवा दुपारीच घरी पाठवल्या जात, आणि त्या रिकाम्या वेळेची कवडी मिळत नसे. सूत जास्त खराब झालं तर दंड.

लोक म्हणत, बायकांना गिरणीत मोकळीक आहे, उशिरा येतात, लवकर जातात, पोरांना पाजून येतात. मोठ्या आयला ही मोकळीक नीट समजलेली होती. "येळ माझी व्हती ना, म्हणून मोकळी," असं ती म्हणायची. वेळेचा पैसाच नव्हता, तर मालकाने तिचा हिशेब कशाला ठेवावा? दुसऱ्या खात्यांची दारं बंद असल्यामुळे गावाहून येणारी प्रत्येक नवी विधवा याच दोन खात्यांत शिरणार, आणि आत असलेल्यांची कमाई थोडी थोडी चिरत जाणार. अर्थशास्त्राच्या पुस्तकात गर्दीमुळे मजुरी पडते हा सिद्धान्त मी पुष्कळ नंतर वाचला. मोठ्या आयला तो नाइकिणीच्या वागण्यावरून कळला होता.

तिचं खातं पुढे आटत गेलं. चीनमधली सुताची बाजारपेठ जपानी आणि तिथल्या स्थानिक गिरण्यांनी घेतली, मुंबईच्या गिरण्या सूत विकण्यापेक्षा स्वतःच कापड विणू लागल्या. लडींना मागणी नाही म्हणजे रीळखात्याला काम नाही. साचे मात्र वाढत होते, पण साच्यांवर बाई कशी उभी राहणार? एक खातं आटलं तर दुसऱ्यात जायचं, ही वाट पुरुषाला होती.

साचेखात्याची गोष्ट निघाली की मला तात्या आठवतात. नायगावच्या बीडीडी चाळीत राहणारे, आजोबांचे स्नेही, सगळी हयात रिंगखात्यात काढलेले. दोघे गच्चीवर बिडी ओढत बसले, की आजोबा साच्यांच्या बढाया मारत. साचेवाल्याची कमाई गिरणीतल्या साध्या कामगारांत सगळ्यात चांगली. एकदा तात्या हसत हसत म्हणाले, "आमच्या बापाने काय कमी साचे बघितले? बाहेरून बघितले."

त्यांचे वडील महार. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि तिचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचं, ही जुन्या साच्यांची रीत. एका पाळीतला धोटा दुसऱ्या पाळीतल्याच्या तोंडाला लागायचा. विटाळ होतो म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी अस्पृश्यांना विणाईखात्यात येऊच दिलं नाही. जास्त पगाराचं खातं अशा रीतीने बंद राहिलं, आणि ते बंद ठेवणारे मालक नव्हते, सोबतचे कामगार होते. 1928च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. आजोबा त्या गच्चीवर गप्प बसले होते, एवढं मला आठवतं. त्यांच्या बढायांतला साचा मला त्यानंतर वेगळा दिसायला लागला. काम वेगळं म्हणून पगार वेगळा, हे उत्तर तात्यांच्या वडिलांनाही मिळालं असणार. वेगळं कोणी केलं, हे विचारायची सोय त्यातही नव्हती.

आजी 1938च्या सुमारास लग्न होऊन आली आणि सासूच्या ओळखीने त्याच गिरणीत वाइंडिंगला लागली. तिच्या कामाचं वर्णन ती क्वचितच करायची, पण सुईत दोरा ओवताना तिचे हात पाहिले की कळायचं. वाइंडिंग म्हणजे लहान लहान बाबिणींवरचं सूत मोठ्या कोनावर सलग गुंडाळायचं. बाबीण संपली की पुढच्या बाबिणीचं टोक जोडायचं, सूत तुटलं की तुटलेली टोकं जोडायची. जोडायची म्हणजे गाठ मारायची, तीही विणकरी गाठ. दोन टोकं डाव्या अंगठ्याखाली एकमेकांवर आडवी धरायची, उजव्या हाताने एक फेर घ्यायचा, टोक आत सारायचं, ओढायचं, उरलेलं शेपूट कापायचं. हे मी लिहायला जेवढा वेळ घेतला त्यात तिच्या दहा-बारा गाठी झाल्या असत्या. गाठ बारीक हवी, सपाट हवी, आणि ताण पडला की आणखी घट्ट बसायला हवी. शिवाय सूत बोटांमधून पळत असताना त्यातलं जाड, बारीक, कच्चं डोळ्यांना नाही तर कातडीला कळायला हवं. तिच्या तर्जनीच्या आतल्या बाजूला सुताने काढलेली एक आडवी खाच होती. म्हातारपणी हात सुरकुतले तरी ती खाच त्यांत वेगळी ओळखू यायची.

याला त्या काळी काय म्हणत? हलकं काम. बसून-उभं राहून करायचं, बायकांना जमेल असं. नाजूक बोटांना जन्मतःच येतं, ते शिकावं थोडंच लागतं! नाइकिणीच्या बोलण्याखाली, पगाराविना उमेदवारी करून आजी जे शिकली होती, ते गिरणीच्या लेखी शिक्षणच नव्हतं.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळी, नाइकिणीने तिला सल्ला दिला होता, "पोट दिसेतोवर तोंड उघडू नको." मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा 1929 मध्ये झाला होता. त्याच्या विधेयकावर मुंबई कायदेमंडळात 1928 मध्ये बोलताना बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, तेव्हा या खर्चाचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असंही त्यांनी सांगितलं होतं. कायदा झाला, पण भार पडला एकट्या मालकावर. मग लग्न झालेली, मूल होण्याच्या वयातली बाई घेणं म्हणजे खर्च ओढवून घेणं, असा हिशेब सुरू झाला. 1948च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. पन्नासच्या आत बायका ठेवल्या की पाळणाघर नको, हे कळायला फार हुशारी लागत नाही. त्याच कायद्याने बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात कामाला मुभा दिली. रात्रीच्या कामावर बंदी तर 1891 पासूनच होती. हेतू चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. मोठ्या आयच्या काळात पोरांना अफूची बाळगोळी देऊन झोपवून बायका कामावर जात. तिथून पाळणाघरापर्यंत येणं ही मोठीच मजल होती. पण हे सगळे कायदे फक्त बाईला लागू होते, आणि बाई फक्त एकदोन खात्यांत होती. त्यामुळे कायद्याचा सगळा खर्च त्या खात्यांच्या नावावर पडत गेला.

आता मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. स्वातंत्र्यानंतर लगेच सरकारने रास्त वेतन समिती नेमली. रास्त मजुरी म्हणजे काय, हे देशाला सांगणारा हा पहिला महत्त्वाचा दस्तऐवज. समितीने बाईला विसरलेलं नव्हतं. अंगावरचं काम असेल, किंवा पुरुष आणि बाईचं काम उघडउघड एकच असेल, तर मजुरीत भेद नको, असं तिने सांगितलं. आणि जे काम फक्त बायकाच करतात, त्याचं काय? तिथे बाईची रास्त मजुरी लहान कुटुंब गृहीत धरून काढावी. म्हणजे एखाद्या खात्यात पुरुष नाही, एवढ्याच कारणावरून तिथल्या बाईच्या घरची खाणारी तोंडं कमी धरायची. मोठी आय त्या खात्यात तीस वर्षं एका मुलाची आई आणि बाप होऊन उभी होती. 1957च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान मजुरीचं जे माप ठरवलं, त्यात एक कमावता आणि तीन एकक खाणारे, असं कुटुंब धरलं: पुरुषाचं एक एकक, बाईचं 0.8, दोन मुलांचं प्रत्येकी 0.6. बायकांची आणि मुलांची कमाई हिशेबात धरू नये, असंही त्यात होतं. कामगाराला पोटभर मिळावं म्हणूनच केलेलं हे माप. त्यात आजीचं स्थान फक्त 0.8 खाणारी एवढंच होतं.

तरीही आजीच्या आयुष्यात एक काळ असा आला, की तिचा पगार आजोबांच्या पगाराजवळ सरकला. लाल बावट्याच्या उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर अशा बायका गिरणगावात बायकांना संघटित करत होत्या. आजी त्यांच्या सभांना जायची, पार्वतीबाईंचं बोलणं तिला विशेष आवडायचं. महायुद्धात महागाई भडकली, 1940 मध्ये भत्त्यासाठी संप झाला, आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्ता रुजला. हा भत्ता माणशी होता. साचेवाला असो की वाइंडिंगवाली, महागाई सगळ्यांना सारखी, म्हणून भत्ता सारखा. 1947 मध्ये औद्योगिक न्यायालयाने महिना तीस रुपये किमान मूळ पगार ठरवला. थोड्याच काळात भत्ता मूळ पगाराच्याही पुढे गेला. आजीच्या आठवणीत हा काळ सुखाचा. तिने या पैशांतून स्वतःसाठी पहिल्यांदा सोन्याचे मणी घेतले.

पण हाच काळ बायका कमी होण्याचाही. अंगावरच्या कामाच्या दिवसांत दहाच्या जागी पंधरा बायका मालकाला फुकट पडत होत्या. माणशी भत्ता आल्यावर जादाची प्रत्येक बाई म्हणजे दरमहा पक्का खर्च. बाई स्वस्त होती तोवर खात्यात गर्दी केली, आणि ती जवळजवळ पुरुषाएवढी महाग झाली तेव्हा तिला घेणंच थांबवलं. इतर खात्यांची दारं उघडी असती, तर ती तिकडे गेली असती. पुरुषाच्या बरोबरीचा पगार आणि पुरुषांच्या खात्यात शिरकाव, या दोन मागण्या एकत्र करायला हव्या होत्या. पहिली अर्धीमुर्धी मिळाली, दुसरी कोणी केलीच नाही. लाल बावट्याच्या सभांतही नाही.

1960च्या आसपास आजीच्या खात्यात वेगाने चालणारी नवी मशीनं आली. महाग मशीन तिन्ही पाळ्यांत चाललं तरच परवडतं. बाईला रात्र बंद, दुसरी पाळी सुटते मध्यरात्री. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीला पुरुष घेतले. काही दिवसांनी पहिल्या पाळीलाही. आजोबांचा एक मित्र आजीला समजावायला आला होता म्हणे, "वहिनी, आता वायंडिंग म्हणजे मशीनचं काम झालं. ते बायकांना झेपणार नाही." बोटांनी गाठ मारायची होती तेव्हा ते बायकांना उपजत येणारं हलकं काम होतं, यंत्राने गाठ सोपी केली तेव्हा ते पुरुषांचं कौशल्याचं काम झालं. आजी हिशेब घेऊन घरी आली आणि चाळीतल्या दहा-बारा जणांची खाणावळ चालवू लागली. गिरणगावातल्या अशाच खाणावळवाल्यांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 18 जानेवारी 1982 ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या गिरणी संपाला सुरुवात झाली, तेव्हा संपावर गेलेल्या अडीचेक लाखांत बायका शोधाव्या लागत. गिरणीच्या इतिहासातून त्या आधीच निघून गेल्या होत्या, आणि संपाच्या काळात पुष्कळ घरं चालली ती त्यांच्याच पोळपाट-लाटण्यावर.

हे फक्त गिरणीत झालं असं वाटून मी आजोळी माण तालुक्यात गेले, की तिकडची आजी मला तेच दुसऱ्या भाषेत सांगायची. रानात पुरुषाची रोजी वेगळी, बाईची वेगळी. गडी नांगर धरणार, मोट हाकणार, औत चालवणार; बाया भांगलण करणार, काढणीला वाकणार, कापूस-मिरची वेचणार. बाईने नांगराला हात लावायचा नाही, पाऊस पडत नाही. आजी फटकन म्हणायची, "आमी न्हाई लावला हात, तरी कुठं पडतुया?" दिवसभर वाकून भांगलण करण्यात किती ताकद जाते हे कंबरेला माहीत, पण ते हलकं; बैलांमागून चालणं जड. आणि हलक्याचे पैसे निम्मे.

1972चा दुष्काळ आला आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला सगळं गाव गेलं. पुढे 1977 मध्ये महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. या कामावर मजुरी खडीच्या मापावर, ब्रासच्या दराने, बाई-पुरुषाला दर एकच. आजी तो प्रसंग रंगवून सांगायची. कारकुनाने ढीग मोजला, पैसे मोजले, आणि तिच्या हातात आले तेवढेच नवऱ्याच्या हातात. "खडीला काय ठावं, कुणी फोडली त्ये?" दुष्काळाचं वर्ष, घरात दाणा नाही, जनावरं छावणीत, तरी आपल्या कष्टाचं खरं माप पहिल्यांदा तिला त्या वर्षी मिळालं. पुढे पाऊस पडला, रानं हिरवी झाली, आणि ती पुन्हा निम्म्या रोजीवर भांगलायला गेली. त्याच पट्ट्यातून पुढे माणसं उसाच्या तोडीला जाऊ लागली. तिथे तर बाईची वेगळी मजुरीच नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या नावावर. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, आणि हिशेबात दोघं मिळून एकच अवजार.

आमच्या घरातली तिसरी पिढी म्हणजे माझी आत्या. मॅट्रिक झाली, दादरला टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास केला आणि फोर्टातल्या एका कंपनीत लागली. गिरणीची कापसाची कुसं नाहीत, पंख्याखाली बसायचं, नेसायला नायलॉनच्या साड्या. आजीला वाटलं, पोरगी सुटली. पण आत्याच्या ऑफिसातही वाइंडिंगखातं होतंच, फक्त त्याला खिडक्या चांगल्या होत्या. टायपिस्ट आणि स्टेनो सगळ्या मुली. त्यांच्यासोबत लागलेले मुलगे क्लार्क. क्लार्कचा हेडक्लार्क व्हायचा, हेडक्लार्कचा ऑफिसर. टायपिस्टची व्हायची सीनियर टायपिस्ट, आणि मग निवृत्त. ज्याची इंग्रजी पत्रं ती दुरुस्त करून द्यायची, तो तिच्या डोळ्यांदेखत केबिनमध्ये जाऊन बसला.

1975च्या वटहुकमाने आणि 1976च्या समान वेतन कायद्याने तेच किंवा त्याच स्वरूपाचं काम करणाऱ्या बाईला पुरुषाएवढं वेतन देणं बंधनकारक केलं. मुंबईच्याच मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांनी या कायद्याखाली दाद मागितली. तिथे साहेबांच्या खासगी कामाला असलेल्या सगळ्या स्टेनो बायका, त्यांची श्रेणी वेगळी, आणि पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. कंपनीचं म्हणणं, या लेडी स्टेनोंचं काम वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ते मानलं नाही. नुसती वेगळी श्रेणी करून आणि तीत फक्त बायका बसवून भेदभाव झाकता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आम्हाला परवडत नाही ही सबबही न्यायालयाने बाजूला सारली.

आत्याने ती बातमी आजीला मोठ्याने वाचून दाखवली. आजी तेव्हा पासष्टीची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिच्याकडं पुरुष व्हते म्हणून बोट दाखवता आलं. आमच्या वायंडिंगला पुरुष व्हतेच कुठं? मी कुणाकडं दाखवू?"

माझ्या कॉलेजातल्या प्रश्नाचं उत्तर तिने इतक्या वर्षांनी दिलं होतं, आणि कायद्याची दुखरी नस नेमकी धरली होती. आपला कायदा तुलनेला माणूस मागतो. तेच काम करणारा पुरुष शेजारी उभा असेल तर बाईला न्याय आहे. ज्या कामातून पुरुष पूर्ण बाजूला काढलेत, तिथे कायद्याचा हातच पोचत नाही. 2019च्या वेतन संहितेनेही मोजमाप तेच ठेवलं आहे. माझी मामेबहीण अंगणवाडी सेविका आहे. 1975 पासून चालू असलेल्या या योजनेत सगळ्या सेविका बायका. पोरांना शिकवायचं, वजनं घ्यायची, आहार द्यायचा, गरोदर बायांच्या नोंदी ठेवायच्या, आणि त्याबद्दल मिळतं ते मानधन. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढं मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयात 2022 साल उजाडावं लागलं. तिने तरी कोणाकडे बोट दाखवावं? अंगणवाडीत पुरुष सेवकच नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1951चा करार यापुढे गेलेला आहे, आणि भारताने तो 1958 मध्येच मान्य केला आहे. त्यात समान मूल्याच्या कामाला समान वेतन म्हटलं आहे. कामं वेगवेगळी असतील, पण कौशल्य, कष्ट, जबाबदारी यांच्या मापाने त्यांची किंमत सारखी भरत असेल, तर पगार सारखा. असं मोजता येतं का, असा प्रश्न लगेच येतो. मी आजोबांना एकदा विचारलं होतं, साचा बंद कशामुळे पडतो? ते म्हणाले, सूत तुटलं की. आणि सूत तुटतं कशाने? कच्च्या सुताने, नाहीतर कच्च्या गाठीने. चांगल्या हाताचा कोन आला तर त्यांच्या साच्यांना दिवसभर खोट नसायची. वाईट आला तर अर्धी पाळी टोकं जोडण्यात जायची. किती पैसे बुडायचे, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणजे आजीच्या गाठीची किंमत आजोबांच्या पगारात रोज उतरत होती. ती मोजता येत नव्हती असं नाही. मोजून ज्याच्या त्याच्या नावावर मांडायची नव्हती.

म्हणून आता मला पगारपत्रकात बाई आणि पुरुष यांच्या आकड्यांतला फरक आधी शोधावासा वाटत नाही. मी खाती बघते. ज्या खात्यात सगळ्या बायकाच दिसतात, तिथे दोन प्रश्न विचारायचे: हे काम बायकांचं कोणी ठरवलं, आणि ते ठरल्यावर त्याचा भाव कितीने उतरला. पहिल्याला परंपरा, आवड, नाजूक बोटं असली पुष्कळ उत्तरं मिळतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायची वेळ आली, की पहिली सगळी उत्तरं लंगडी पडतात.